नोंद क्रमांक ३३

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या अखत्यारीतल्या विषयांची यादी आहे. पोलीस, तुरुंग, शेती, बाजार, दारू असे रोजच्या कारभाराचे विषय तिच्यात एकामागून एक येतात. ३३ वी नोंद नाट्यगृहं, नाट्यप्रयोग, सिनेमा, खेळ आणि करमणूक यांची. सगळे एका ओळीत, शेजारी शेजारी. बरंच खाली, ६२ व्या नोंदीत, कर येतात. २०१७ पर्यंत तिथे चैन होती, करमणूक होती, पैज आणि जुगार होता, खेळ नव्हता. म्हणजे करमणुकीवर कर घ्यायचा हे स्वच्छ लिहिलेलं, आणि खेळ ही करमणूक धरायची की नाही हे ज्याने त्याने ठरवायचं. दिल्लीत गेली पंचाहत्तर वर्षं हे ठरवणं चालू आहे.

मुंबईत हा प्रश्न इतका टोकाला गेला नाही, कारण तिथे खेळ जिमखान्यांच्या आणि क्लबांच्या जोरावर वाढला, सिनेमा स्टुडिओमालकांच्या खिशातून. १९३७ साली ब्रेबॉर्न स्टेडियम उभं राहिलं ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या सभासदांच्या वर्गणीवर. दिल्लीत जमीन सरकारची, मैदान सरकारचं, प्रक्षेपण सरकारचं, परवाना सरकारचा आणि तिकिटावरचा करही सरकारचा. त्यामुळे खेळाचा धंदा कसा झाला हे पाहायला दिल्लीइतकी सोयीची जागा दुसरी नाही. आणि या हकिकतीत मराठी माणसं सारखी भेटत राहतात. खेळाडू म्हणून कमी, मंत्री, न्यायाधीश आणि आयोजक म्हणून जास्त.

ब्रेबॉर्नच्या उभारणीतले एक प्रमुख, अँथनी डिमेलो, हेच पुढे दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धांच्या मागे उभे राहिले. कल्पना मुळात गुरुदत्त सोंधी यांची. स्पर्धा १९५० मध्ये व्हायच्या होत्या, तयारी झाली नाही म्हणून त्या वर्षभर पुढे गेल्या. मैदान मात्र तयार मिळालं. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १९३३ मध्ये इंडिया गेटच्या टोकाला ‘आयर्विन अँफिथिएटर’ बांधलं होतं. त्याचं ‘नॅशनल स्टेडियम’ झालं. ४ ते ११ मार्च १९५१ या आठ दिवसांत ११ देशांचे ४८९ खेळाडू तिथे जमले. सचिन नाग यांनी शंभर मीटर पोहण्यात भारताचं पहिलं सुवर्ण मिळवलं, मेवालाल यांच्या एकमेव गोलवर फुटबॉलमध्ये इराणला हरवलं. त्या स्पर्धांकडे कुणी धंदा म्हणून पाहिलं नाही. नव्या देशाने शेजाऱ्यांना दिलेलं ते जेवणाचं आमंत्रण होतं, आणि असल्या आमंत्रणात यजमान पानाचा हिशोब मांडत नाही.

करमणुकीचा हिशोब मात्र आधीपासून मांडला जात होता. कॅनॉट प्लेसमधलं रीगल थिएटर १९३२ चं. पुढे प्लाझा, ओडियन, रिव्होली आली. रीगलच्या रंगमंचावर पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्सची नाटकंही झाली. तिकिटाच्या किमतीत सरकारचा वाटा धरलेला असे, कारण संयुक्त प्रांताचा १९३७ चा करमणूक व पैज कर कायदा दिल्लीला लागू केलेला होता. कायद्याच्या नावातच करमणुकीशेजारी पैज बसवलेली. नाटकाला जाणारा आणि घोड्यावर पैसे लावणारा, दोघांकडे सरकार एकाच नजरेनं पाहत होतं. ड्युरंड फुटबॉल पाहायला जाणारा या नजरेत कुठे बसतो, हे विचारण्याची वेळ अजून आली नव्हती. खेळात फारसा पैसाच नव्हता.

पैसा आला तो पडद्यावरून. भारतात टेलिव्हिजनची सुरुवात दिल्लीतच झाली, १५ सप्टेंबर १९५९ रोजी, प्रयोग म्हणून. रोजचं प्रक्षेपण १९६५ मध्ये सुरू झालं. मुंबईला ते पोचायला १९७२ चा ऑक्टोबर उजाडला. आणि सगळं कृष्णधवल. जानेवारी १९८० मध्ये वर्ध्याचे खासदार वसंत साठे माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांनी रंगीत टेलिव्हिजनचा आग्रह धरला. गरीब देशाला रंगीत चित्रांची चैन कशाला, हा आक्षेप विरोधकांचा होता तसा स्वपक्षातही होता. साठे वाद घालायला कचरणारे गृहस्थ नव्हते. पण त्यांच्या बाजूने खरं वजन पडलं ते एशियाडचं. १९८२ च्या आशियाई स्पर्धा दिल्लीत ठरल्या होत्या, परदेशी वाहिन्यांना रंगीत चित्रं द्यावी लागणारच होती; मग ती आपल्या लोकांनी काळीपांढरी का पाहायची? १५ ऑगस्ट १९८२ पासून देशाला रंगीत प्रक्षेपण दिसू लागलं. संचांच्या आयातीला वाट मोकळी झाली, गावोगावी छोटे प्रक्षेपक उभे राहिले.

तीन आठवड्यांत दोन गोष्टी घडल्या. राष्ट्रीय प्रक्षेपण ज्याच्या भरवशावर सुरू केलं होतं तो इन्सॅट-१ए उपग्रह ६ सप्टेंबरला निकामी झाला. आणि त्याच सुमाराच्या मंत्रिमंडळ फेरबदलात साठ्यांचं खातं गेलं. त्यांना रसायनं आणि खतं मिळाली. ज्याने झाड लावलं त्याला फळाच्या वेळी दुसऱ्या बागेत पाठवायचं, ही दिल्लीची जुनी रीत. त्यांच्या जागी राज्यमंत्री म्हणून आले नागपूरचे एन. के. पी. साळवे. आता गंमत पाहा: हेच साळवे त्या वर्षी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्षही झाले. खेळ विकणारी संस्था आणि तो दाखवणारं खातं यांच्या माथ्यावर काही महिने एकच माणूस होता. आज यावर केवढा गदारोळ झाला असता! तेव्हा कुणाच्या फारसं लक्षातही आलं नाही, कारण विकण्यासारखं तिथे काही आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

एशियाड १९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर १९८२ या काळात झालं. ३३ देश आले. जवाहरलाल नेहरू स्टेडियम, यमुनेकाठचं इंद्रप्रस्थ बंदिस्त स्टेडियम, तालकटोऱ्याचा तरणतलाव, सिरी फोर्टचं क्रीडाग्राम आणि उड्डाणपूल हे सगळं त्या एका निमित्ताने झालं. पी. टी. उषाला दोन रौप्यपदकं मिळाली. हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने ७-१ असं हरवलं, आणि ज्यांनी घरी नुकताच रंगीत संच आणला होता त्यांनी तो पराभव रंगात पाहिला. मराठी वाचकाला आवडेल अशी एक बारीक नोंद: कबड्डी या स्पर्धांत होती, पण पदकासाठी नाही, केवळ प्रात्यक्षिक म्हणून. पदकांचा खेळ म्हणून ती १९९० च्या बीजिंग स्पर्धांत आली, आणि २०१४ मध्ये प्रो कबड्डीने तिला रात्रीच्या मालिकांच्या वेळेत आणून बसवलं.

ही स्टेडियमं कुणी बांधली, याची नोंद एका निकालपत्रात आहे. ‘पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स’ या संस्थेने एशियाडच्या बांधकामांची पाहणी करून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. मजुरीचा किमान दर दिवसाला ९ रुपये २५ पैसे होता. मजूर पुरवणारा जमादार त्यातून रुपया कापून घ्यायचा आणि मजुराच्या हातात ८ रुपये २५ पैसे पडायचे. १८ सप्टेंबर १९८२ रोजी, म्हणजे उद्घाटनाच्या दोन महिने आधी, न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या खंडपीठाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवून घेणं ही घटनेच्या २३ व्या कलमाने मनाई केलेली वेठबिगारीच आहे. वेठबिगारीच्या कायद्याचं आजचं शिक्षण या खटल्यावाचून पूर्ण होत नाही. एशियाडने देशाला दिलेल्या गोष्टींत मी तरी हा निकाल रंगीत टीव्हीच्या वर ठेवीन.

खेळ संपले आणि त्यांचं बोधचिन्ह करमणुकीच्या कामाला लागलं. अप्पू नावाचा हत्ती एशियाडचा. दोन वर्षांनी, १९ नोव्हेंबर १९८४ रोजी, प्रगती मैदानाजवळ ‘अप्पू घर’ उघडलं, देशातलं पहिलं मोठं मनोरंजन उद्यान. जमीन अर्थातच सरकारी. २००८ मध्ये ते बंद झालं आणि सर्वोच्च न्यायालयाच्या विस्तारासाठी ती जागा गेली. पाळण्यांच्या जागी आता फायली फिरतात. टेलिव्हिजनचंही असंच. एशियाडसाठी उभारलेल्या जाळ्यावर ७ जुलै १९८४ पासून ‘हम लोग’ सुरू झाली, मॅगीच्या पैशांवर. प्रायोजक, मालिका, घराघरातला प्रेक्षक असा पुढच्या चाळीस वर्षांचा नमुना इथे तयार झाला.

एशियाड आणि ‘हम लोग’ या दोन टोकांच्या मध्ये १९८३ चा विश्वचषक येतो. २५ जूनला कपिल देवच्या संघाने लॉर्ड्‌सवर वेस्ट इंडिजला हरवलं. खेळाडूंना बक्षीस द्यायला मंडळाच्या तिजोरीत पैसे नव्हते. क्रिकेट प्रशासक राजसिंह डुंगरपूर यांनी लता मंगेशकरांना गळ घातली, आणि दिल्लीत लताबाईंचा कार्यक्रम झाला. त्यातून सुमारे २० लाख रुपये जमले, प्रत्येक खेळाडूला लाख रुपये मिळाले. लताबाईंनी मानधन घेतलं नाही. विश्वविजेत्यांसाठी हृदयनाथांनी चाल बांधलेलं खास गाणं होतं, ते म्हणताना खेळाडूही मंचावर उभे होते. जगज्जेत्या क्रिकेट संघाचं बक्षीस गाण्याच्या तिकिटांतून उभं राहिलं! करमणुकीने खेळाला पोसलं, अशी याहून चोख नोंद सापडायची नाही. पुढच्या दहा वर्षांत हे नातं उलटं होणार होतं.

ते उलटं करण्यातही साळवे होतेच. लॉर्ड्‌सच्या अंतिम सामन्याची जादा तिकिटं त्यांनी मागितली, ती नाकारली गेली, आणि विश्वचषकच इंग्लंडबाहेर काढायचा असा त्यांनी पण केला. ही गोष्ट क्रिकेटच्या वर्तुळात सर्वांना ठाऊक आहे. १९८७ चा विश्वचषक, म्हणजे रिलायन्स कप, भारत-पाकिस्तानात झाला. अपमान हे कारण रंजक आहे, पण एवढंच नव्हतं. १९८३ नंतर भारतात लाखो घरांत टीव्ही आला होता आणि त्या घरांपर्यंत पोचायला कंपन्या पैसे मोजायला तयार होत्या. इंग्लंडकडे परंपरा होती, भारताकडे प्रेक्षक होते.

तरीही प्रेक्षकांचा पैसा मंडळाला मिळत नव्हता. नव्वदीच्या सुरुवातीपर्यंत सामना दाखवण्याबद्दल दूरदर्शन मंडळाला पैसे देत नसे. उलट मंडळानेच दूरदर्शनला द्यायचे. १८८५ च्या तारायंत्र कायद्यानुसार हवेतून संदेश पाठवायचा मक्ता सरकारचा, हा त्यामागचा युक्तिवाद. नोव्हेंबर १९९३ मध्ये बंगालच्या क्रिकेट संघटनेने हिरो कप या क्रिकेट स्पर्धेचे प्रक्षेपणहक्क एका परदेशी कंपनीला विकले आणि दिल्लीतलं मंत्रालय खवळलं. उपग्रहावर चित्र चढवण्याच्या परवानगीवरून ओढाताण झाली, कंपनीची यंत्रसामग्री सीमाशुल्क खात्याने अडवली, प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. याच स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सहा धावा हव्या असताना सचिन तेंडुलकरने चेंडू हातात घेतला होता. ते षटक आठवणारे पुष्कळ आहेत. त्या कॅमेऱ्यांमागचा खटला आठवणारे थोडे.

निकाल लागला ९ फेब्रुवारी १९९५ रोजी. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं. प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती सरकारच्या मालकीची नाही, तिचं नियमन स्वायत्त सार्वजनिक संस्थेने करावं, असं त्यांनी सांगितलं. सरकारचं म्हणणं होतं की क्रिकेट दाखवणं हा निव्वळ व्यापार आहे, त्यात अभिव्यक्तिस्वातंत्र्य कुठून आलं? यावर न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात मांडलेला विचार आपल्या विषयाच्या गाभ्याचा आहे: क्रिकेट करमणूक पुरवतं, आणि करमणूक पुरवणं हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यातच येतं. खेळ ही करमणूक आहे, असं देशाच्या सर्वोच्च न्यायालयात लिहिलं गेलं ते खेळावर कर बसवण्यासाठी नव्हे, त्याला मोकळं करण्यासाठी. त्यानंतर प्रक्षेपणहक्कांच्या किमती कशा चढल्या हे सांगायला नको.

सरकारने हार मानली असं मात्र नाही. जानेवारी २००७ मध्ये नागपुरात भारत-वेस्ट इंडिज एकदिवसीय सामना होता आणि हक्क खासगी वाहिनीकडे. दूरदर्शनने चित्र मागितलं, वाहिनीने नकार दिला, दिल्ली उच्च न्यायालयाने सात मिनिटं उशिराने दाखवण्याची तोड काढली. सात मिनिटं उशिरा आलेला षटकार रेडिओवर आधी ऐकून झालेला असतो! काही आठवड्यांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला: राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं थेट चित्र प्रसारभारतीला द्यावंच लागेल, टीव्हीच्या जाहिरातींचं उत्पन्न ७५ टक्के हक्कदाराचं, २५ टक्के प्रसारभारतीचं. खेडोपाडी केबल नसलेल्या माणसाच्या दृष्टीने हा कायदा योग्य होता, असं माझं मत आहे.

सिनेमाच्या बाजूने सरकारचा हात अधिक जड होता, आणि त्याची एक किंमत भयंकर आहे. आणीबाणीत, सप्टेंबर १९७६ मध्ये, दिल्ली प्रशासनाने थिएटरांना तिकिटाचे दर कमी करायला लावले आणि बदल्यात खुर्च्या वाढवायची मुभा दिली. ग्रीन पार्कच्या उपहार थिएटरला शंभर खुर्च्या मिळाल्या, त्यांतल्या ४३ बाल्कनीत. १९७९ मध्ये मुभा काढून घेतली. मालक कोर्टात गेले. बाल्कनीतल्या ३७ खुर्च्या राहिल्याच. उजवीकडची वाट बुजलेली राहिली. १३ जून १९९७ रोजी ‘बॉर्डर’चा खेळ चालू असताना तळमजल्यावरच्या वीज मंडळाच्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली, धूर वर चढला, आणि बाल्कनीतून बाहेर पडता न आल्याने ५९ माणसं गुदमरून मेली. मालकांचा दोष न्यायालयांत सिद्ध झालाच. पण तिकीट स्वस्त करायचं आणि त्याची भरपाई रस्त्यातल्या खुर्च्यांनी करायची, हा व्यवहार सरकारी कागदावर झाला होता.

त्याच १९९७ मध्ये साकेतमध्ये चार पडद्यांचं ‘पीव्हीआर अनुपम’ उघडलं, देशातलं पहिलं मल्टिप्लेक्स. वसंत विहारच्या प्रिया थिएटरचे अजय बिजली आणि ऑस्ट्रेलियाची व्हिलेज रोडशो कंपनी यांची ही भागीदारी. तिकीट महाग, खुर्च्या कमी, बाहेर पडायच्या वाटा रुंद. पुढे मॉलमधली मल्टिप्लेक्सं गुडगाव आणि नोएडाला पसरली. राजधानी परिसराची खासियत अशी की मेट्रोच्या एका प्रवासात तीन सरकारं बदलतात, आणि करमणूक कराचे दरही तेव्हा बदलत. करात सूट देऊन मल्टिप्लेक्स खेचायची चढाओढ राज्याराज्यांत लागली होती. महाराष्ट्रानेही २००१ मध्ये तीन वर्षं पूर्ण करमाफी दिली होती. रीगल ३० मार्च २०१७ ला बंद पडलं.

आता २०१०. राष्ट्रकुल स्पर्धांच्या आयोजन समितीचे अध्यक्ष पुण्याचे सुरेश कलमाडी. खेळ आणि करमणूक यांत रेघ न मारणारा याहून पक्का माणूस शोधून सापडला नसता. पुणे मॅरेथॉन त्यांची, हेमामालिनीच्या नृत्यापासून लावणीपर्यंत सगळं मांडणारा पुणे फेस्टिव्हलही त्यांचाच, २००८ च्या बालेवाडीच्या राष्ट्रकुल युवा स्पर्धाही त्यांनीच आणलेल्या. दिल्लीत ३ ऑक्टोबरला नेहरू स्टेडियमवर सुमारे ४० कोटींचा हेलियमचा फुगा तरंगला आणि उद्घाटन देखणं झालं, यात वाद नाही. भारताने ३८ सुवर्णांसह १०१ पदकं मिळवली. पण लोकांच्या आठवणीत राहिला तो स्टेडियमबाहेर कोसळलेला पादचारी पूल, महालेखापालांचा अहवाल आणि एप्रिल २०११ मधली कलमाडींची अटक. मनी लाँडरिंगच्या प्रकरणात सक्तवसुली संचालनालयाचा तपास बंद करण्याचा अहवाल दिल्लीच्या न्यायालयाने २०२५ मध्ये स्वीकारला. तोवर निवाडा जनमानसाने कधीच देऊन टाकला होता. मजुरांची हकिकत मात्र जशीच्या तशी राहिली. १९८२ ची तीच संस्था पुन्हा न्यायालयात गेली, उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीला पुन्हा किमान वेतनाचं उल्लंघन दिसलं.

पुढच्याच वर्षी ग्रेटर नोएडात फॉर्म्युला वन आली आणि सगळा घोळ एका जागी जमला. जेपी समूहाने यमुना द्रुतगती मार्गालगत हर्मान टिल्के यांच्याकडून पाच किलोमीटरहून थोडी जास्त लांबीची धावपट्टी आखून घेतली. दिल्लीतल्या क्रीडा मंत्रालयाने २००९ मध्येच हात झटकले होते: हा निखळ खेळ नाही, करमणूक आहे, व्यापार आहे. लखनौमधल्या मायावती सरकारने त्याच शर्यतीला करमणूक कर माफ केला. म्हणजे केंद्राच्या लेखी करमणूक म्हणून सवलत नाही, आणि राज्याच्या लेखी करमणूक असूनही कर नाही! एका जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने शर्यतीच्या तोंडावर आदेश दिला की तिकीटविक्रीचे २५ टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. ३० ऑक्टोबर २०११ ला शर्यत झाली, सेबास्टियन व्हेटल जिंकला. २०१२ आणि २०१३ लाही तोच. २०११ च्या शर्यतीच्या दोनच दिवस आधी गुडगावात त्या निमित्ताने ठरलेली मेटॅलिकाची मैफल ऐनवेळी रद्द झाली आणि चिडलेल्या प्रेक्षकांनी मंचावर चढून सामान फोडलं.

२०१४ पासून शर्यत भारतात आली नाही. खटला चालूच राहिला. शर्यत भरवण्याच्या हक्कासाठी जेपीने वर्षाला मोजलेल्या चार कोटी डॉलरवर भारतात आयकर लागतो का, हा प्रश्न. हक्क विकणारी फॉर्म्युला वनची परदेशी कंपनी म्हणे, आम्ही जेमतेम तीन दिवस इथे असतो, आमचं इथे कायमचं ठाणं कुठलं? सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये सांगितलं की त्या तीन दिवसांत धावपट्टीपासून कॅमेऱ्यांपर्यंत सगळं तुमच्या ताब्यात असतं, तेव्हा ते ठाणंच आहे आणि कर द्यावाच लागेल. फिरत्या खेळ-कंपन्यांवर कर कसा लावायचा हे जगभरचे करसल्लागार आज या निकालातून शिकतात. ग्रेटर नोएडातल्या या धावपट्टीची, म्हणजे बुद्ध सर्किटची, भारताला झालेली ठोस कमाई, माझ्या मते, एवढीच.

क्रिकेटही सुटलं नाही. २०१५ मध्ये फिरोजशहा कोटलावरची दक्षिण आफ्रिकेविरुद्धची कसोटी करमणूक कराच्या थकबाकीच्या वादात अडकली. अखेर दिल्ली उच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांच्या देखरेखीखाली ती घ्यायला लावली. त्यांचे वडील विनयचंद्र मौद्गल्य यांनी पलुस्करांच्या परंपरेतलं गांधर्व महाविद्यालय १९३९ मध्ये दिल्लीत सुरू केलं होतं. गाण्याच्या घरातल्या माणसाला क्रिकेटची व्यवस्था लावायला बोलवावं लागलं.

१ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांचा करमणूक कर त्यात विरघळला. ६२ वी नोंदही बदलली. तो कर आता फक्त पंचायती आणि पालिकांपुरता उरला. खेळ की करमणूक हा प्रश्न मात्र त्याबरोबर गेला नाही, उलट त्याला प्रथमच लेखी उत्तर मिळालं. मान्यताप्राप्त संघटनेची स्पर्धा, जिच्यात खेळाडू आपल्या जिल्ह्याचं, राज्याचं, विभागाचं किंवा देशाचं प्रतिनिधित्व करतात, ती खेळ. तिचं ५०० रुपयांपर्यंतचं तिकीट करमुक्त, त्यापुढे १८ टक्के. आयपीएलसारख्या सामन्यांना तेव्हा २८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयपीएलचा दर ४० टक्के झाला, कॅसिनो आणि घोड्यांच्या शर्यतींच्या रांगेत. सिनेमाचं शंभर रुपयांपर्यंतचं तिकीट ५ टक्के, वरचं १८.

कोटला, म्हणजे आजचं अरुण जेटली स्टेडियम, या दरपत्रकाचं चालतं उदाहरण आहे. ३० जानेवारी २०२५ ला विराट कोहली तिथे दिल्लीकडून रेल्वेविरुद्ध रणजी सामना खेळला. प्रवेश फुकट होता, हजारो माणसं लोटली, आणि तो सहा धावांवर बाद झाला तेव्हा अर्धं मैदान रिकामं झालं, कर शून्य. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथेच वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी झाली. ५०० च्या वरच्या तिकिटाला १८ टक्के. दिल्ली कॅपिटल्सचा संघ त्याच खेळपट्टीवर उतरला की ४० टक्के. हे दर ठरवणाऱ्या परिषदेचं कार्यालयही दिल्लीतच आहे.